तीन माजी सैनिकांचे अर्ज, दोन जागा आणि गेटवरची खुर्ची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरवळजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. स्टोअर सांभाळायला एक माणूस हवा आहे आणि मेंटेनन्सला एक सुपरवायझर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवल्यावर तीन अर्ज आले: मराठा लाइट इन्फंट्रीतले एक हवालदार, ईएमईतले एक नायब सुभेदार (ट्रेड व्हेइकल मेकॅनिक) आणि ऑर्डनन्स कोअरमधले एक नाईक (ट्रेड एसकेटी). तुमच्याकडे एचआर बघणारे गृहस्थ म्हणतात की तिघांनाही इंडस्ट्रीचा अनुभव नाही, फार तर सिक्युरिटीला घेऊ. तुम्हाला ते पटत नाही, पण बायोडेटातलं अर्धं कळत नाही. आणि मिलिटरी खाक्या कामगारांना झेपेल का, ही धास्तीही आहे.

पुणे-सातारा पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं निवडण्यात माझी नोकरी गेली, आणि त्यात फौजेतून आलेले बरेच होते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं आहेत. तुमच्या एचआरवाल्यांनी फक्त त्यांचा गणवेश वाचला. एखाद्याने तुमच्या कारखान्यातला टूलरूमवाला, अकाउंटंट आणि डिस्पॅचवाला या तिघांना 'कंपनीत होते' एवढंच म्हणून एका रांगेत उभं केलं, तर तुम्ही हसाल. इथे तेच झालंय.

बायोडेटा हातात घेतला की आपली नजर आधी हुद्द्यावर जाते. हुद्दा शेवटी बघा. आधी कोअर किंवा रेजिमेंट (म्हणजे फौजेतलं त्याचं खातं) बघा, मग ट्रेड, मग शेवटच्या पाच-सात वर्षांतली अपॉइंटमेंट. माणूस काय करू शकतो हे या तीन गोष्टी सांगतात, हुद्दा फक्त तो किती वर चढला ते सांगतो. शिवाय हुद्द्यांची नावं फसवी असतात. पायदळातला हवालदार रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दफादार असतो आणि सुभेदाराचा रिसालदार होतो. साधा जवान इंजिनिअर्समध्ये सॅपर, तोफखान्यात गनर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईत क्राफ्ट्समन. 'ऑनररी कॅप्टन' लिहिलेला अर्ज आला तर ते बहुधा सुभेदार किंवा सुभेदार मेजर असतात, २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला हा मान मिळालेले. मान मोठा आहे, पण अनुभव शिपायापासून चढत गेलेल्या माणसाचा आहे, अकादमीतून आलेल्या अधिकाऱ्याचा नाही. आणि आपल्याकडे गावात तर प्रत्येक फौजीला 'मेजर'च म्हणतात, तेव्हा शिफारस करणाऱ्या पाहुण्याच्या तोंडच्या हुद्द्यावर अजिबात जाऊ नका.

आता तुमचे तिघे.

ऑर्डनन्समधले नाईक सगळ्यांत सोपे. ऑर्डनन्स म्हणजे फौजेचा माल साठवणारं आणि पुरवणारं खातं, आणि एसकेटी म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल. हा माणूस भरती झाला तोच लेजर आणि बिन कार्डाच्या (प्रत्येक मालाची आवक, जावक, शिल्लक लिहायच्या कार्डाच्या) कामासाठी. देहूरोडसारख्या फौजेच्या डेपोत सुट्या भागांचा जो पसारा असतो, त्याच्यापुढे तुमचं स्टोअर म्हणजे एक कपाट. पार्ट नंबर, आवक-जावकीची व्हाउचरं, रबराच्या मालाची शेल्फ लाइफ, ठरावीक मुदतीने होणारी मोजणी आणि तूट निघाली तर तिचं लेखी उत्तर, हे त्यांनी सतरा-अठरा वर्षं केलंय. काय येत नसेल तेही आधीच धरून चाला: जीएसटीची बिलं, ई-वे बिल, तुमचं टॅली किंवा ईआरपी, आणि मुख्य म्हणजे पैशाच्या भाषेत साठा बघणं. फौजेत वस्तू कमी पडू नये याची काळजी असते, तुमच्याकडे वस्तू जास्त पडून राहिली तरी तोटा आहे. पडून राहिलेल्या मालावर बँकेचं व्याज चालू असतं हे त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं. सांगितलं की समजतं. दोन-तीन महिने धरा.

मात्र एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे. तुमच्या स्टोअरमध्ये 'नंतर एंट्री टाकू', 'साहेबांनी फोनवर सांगितलंय, देऊन टाक' असं चालत असेल, तर या माणसाशी पहिल्या आठवड्यात खटका उडणार. तो सही मागेल. तुमच्या धाकट्या भावाकडेही मागेल. एका कारखान्यात वार्षिक ऑडिटच्या आधी आकडा 'जुळवून घ्या' असं सांगितल्यावर असाच एक माजी एसकेटी तूट लिहून, खाली सही करून कागद टेबलावर ठेवून गेला. व्यवस्थापक चिडले, मालकांनी मात्र चोरी कुठून होते ते त्याच कागदावरून शोधलं. तुम्ही कोणत्या बाजूचे मालक आहात हे तुम्हालाच माहीत. दुसऱ्या बाजूचे असाल तर त्यांना घेऊ नका, दोघांनाही त्रास होईल.

ईएमईच्या नायब सुभेदारांबाबत मी थोडी सावध राहीन. ईएमई म्हणजे फौजेचे दुरुस्तीवाले. गाडीपासून रडारपर्यंत सगळं त्यांच्याकडे येतं, पण प्रत्येकाचा ट्रेड वेगळा असतो. व्हेइकल मेकॅनिक डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, हायड्रॉलिक्स यांत पक्का असतो. तुमच्या व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) कंट्रोल पॅनेल किंवा प्रेसची पीएलसी (तिला चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) त्याने उघडली असेलच असं नाही. तुमच्याकडे मेंटेनन्स म्हणजे काय यावर सगळं ठरतं. डीजी सेट, कॉम्प्रेसर, फोर्कलिफ्ट, जुन्या मेकॅनिकल प्रेस, टेम्पो असा कारभार असेल तर असा माणूस शोधून मिळायचा नाही. सगळा खेळ सीएनसीचा, म्हणजे अशा संगणकावरच्या मशीनांचा, असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा एक तरुण आयटीआयवाला त्यांच्या हाताखाली लागेल. तो खर्च आधीच हिशोबात धरा.

त्यांच्याकडची दुसरी गोष्ट बायोडेटात दिसत नाही. फौजेत गाडी बंद पडायच्या आधी तिची देखभाल करायची शिस्त असते. रोजची, आठवड्याची, महिन्याची कामं ठरलेली. प्रत्येक गाडीची कार डायरी. किती गाड्या 'ऑफ रोड' आहेत आणि का, हे रोज वर कळवायचं. तुमच्यासारख्या कारखान्यात मशीन बंद पडल्यावर धावणारे पुष्कळ असतात, बंद पडू नये म्हणून शनिवारी ग्रीसगन घेऊन फिरणारं कोणी नसतं. मी त्यांना कॅबिनमध्ये बसवून प्रश्न विचारणार नाही. शॉपवर नेईन, सगळ्यांत कुरकुर करणाऱ्या मशीनपाशी उभं करीन आणि अर्धा तास तिथल्या ऑपरेटरशी बोलू देईन. मग विचारीन, 'साहेब, हे तुमच्या ताब्यात दिलं तर पहिल्या महिन्यात काय कराल?' जो लॉगबुक मागतो, स्पेअरची यादी मागतो, मागच्या सहा महिन्यांत काय काय बदललं ते विचारतो, तो घ्यावा. जो 'सब ठीक कर देंगे' म्हणतो, त्याच्याबाबत अजून विचार करावा.

राहिले हवालदार. खरी गंमत यांच्यात आहे, आणि गेटवर बसवायला तुमचे एचआरवाले सर्वांत आधी निघालेत तेही यांनाच. त्यांचा ट्रेड 'सोल्जर जीडी', म्हणजे जनरल ड्यूटी. सिव्हिलमध्ये याला समांतर काही नाही, म्हणून वाचणारा पुढे वाचतच नाही. पण तुम्ही पाठवलेल्या तपशिलात खाली एका ओळीत 'सीक्यूएमएच' आहे आणि त्याआधी 'इन्स्ट्रक्टर, एमएलआयआरसी'. सीक्यूएमएच म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. पायदळाच्या एका कंपनीत शंभराच्या वर माणसं असतात. त्यांचे कपडे, बिछाने, रेशन, दारूगोळा, तंबू, भांडी यांचा हिशोब याच्याकडे. कंपनी डोंगरात एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर हलते तेव्हा हे सगळं बांधून, चढवून, उतरवून, मोजून पुन्हा मांडायचं कामही त्याचंच. वरची अधिकाऱ्याची सही खरी, पण धावपळ याची. तुमच्या भाषेत हे डिस्पॅच आणि लॉजिस्टिक्स झालं.

आणि एमएलआयआरसी म्हणजे बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. तिथला इन्स्ट्रक्टर म्हणजे रिक्रूटांचे 'उस्ताद'. अठरा-एकोणीस वर्षांची, खेड्यातून नुकतीच आलेली पोरं घ्यायची आणि काही महिन्यांत तीच हालचाल, तोच क्रम, न चुकता करून घ्यायचा. तुमच्याकडे दर महिन्याला कंत्राटदार नवी पोरं आणतो ना? त्यांना फिक्स्चरमध्ये जॉब कसा बसवायचा, गेज कसं लावायचं, ग्लोव्हज का काढायचे नाहीत, हे आज कोण शिकवतं? बहुधा शेजारचा ऑपरेटर, तेही वैतागून. रिजेक्शनचा आकडा आणि बोटं चिरडण्याचे प्रसंग यांचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. तुमच्या दोन जागांमध्ये हवालदार बसत नाहीत हे खरं. पण मी असते तर डिस्पॅच आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग अशी तिसरी जागा काढली असती आणि गेट एजन्सीकडेच ठेवलं असतं. गेटचं काम कमी प्रतीचं नाही. स्वतःहून तेच मागणारे माजी सैनिक आहेत, मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत हजारो माणसं ते करतात. माझा आक्षेप फक्त न विचारता तिकडे पाठवण्याला आहे.

मुलाखतीबद्दल दोन शब्द, कारण बरेच चांगले उमेदवार तिथेच गळतात. 'तुमच्या अचीव्हमेंट्स सांगा' असं विचारलंत तर उत्तर येईल, 'जी ड्यूटी मिळाली ती केली.' पुढे शांतता. हा माणूस वीस-बावीस वर्षं 'आम्ही' म्हणत आलाय, 'मी' म्हणायला त्याला संकोच वाटतो. त्याऐवजी कामाचे प्रश्न विचारा. हाताखाली किती माणसं होती? कशाचा हिशोब तुमच्या सहीवर होता? मोजणीत तूट आली तर काय करायचात? तुम्ही रजेवर गेलात की काम कोण बघायचं, आणि त्याला तुम्ही कसं तयार केलंत? या शेवटच्या प्रश्नावर मी फार भर देते, सुपरवायझर म्हणून कसा असेल ते त्यात कळतं. बोलताना अडखळले तर हिंदीत विचारा, कारण त्यांच्या कामाचे सगळे शब्द हिंदीत बसलेले असतात. युनिट कुठे होतं, कारवाईत काय झालं, हे विचारू नका. काही गोष्टी त्यांना सांगायच्या नसतात, आणि आपल्याला त्यांची गरजही नसते.

कागद कोणते बघायचे? डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र. डिस्चार्ज बुकात ट्रेड, केलेले कोर्स, सेवेतून मुक्त होण्याचं कारण, मेडिकल कॅटेगरी आणि 'कॅरॅक्टर' लिहिलेलं असतं. 'एक्झम्प्लरी' हा सर्वांत वरचा शेरा, 'व्हेरी गुड' आणि 'गुड' त्याखाली. 'गुड' वाचून आपण खूश होतो, पण त्या मोजपट्टीवर तो तिसरा आहे, तेव्हा शांतपणे कारण विचारा. उलट, मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला माणूस म्हणजे काहीतरी भानगड, असं समजू नका. आजारी आई, एकटी पडलेली बायको, शेतीची वाटणी, अशी कारणं असतात. मेडिकल कॅटेगरी खालची असेल तर तुमच्या कामासाठी तुमच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, इतरांची करता तशीच. कागद बघाच असं सांगायचं कारण म्हणजे 'एक्स-आर्मी' असं सांगणारे सगळेच तसे नसतात, सिक्युरिटीच्या धंद्यात तर विशेष.

पगार. 'पेन्शन आहे, कमीत येतील' हे वाक्य तुमच्याकडे कोणी ना कोणी बोललं असणारच. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे, तुमच्या स्टोअरची नाही. त्या जागेला बाहेरच्या माणसाला जो पगार द्याल तोच द्या. नाहीतर काय होतं, तर माणूस येतो, काम शिकतो आणि सरकारी जागा निघाली की जातो. राज्य सरकारच्या गट क आणि गट डच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे, सरकारी बँकांच्या क्लार्क वर्गात साडेचौदा टक्के. नुकतेच निवृत्त झालेले बहुतेक जण कुठला तरी फॉर्म भरून बसलेले असतात. हे मुलाखतीत सरळ विचारा, ते सरळ सांगतील. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: वर्षानुवर्षं बाहेर काढल्यावर त्यांना घरी राहायचं असतं. साताऱ्याकडचा माणूस शिरवळला रोज जाऊन-येऊन काम करील आणि थोड्या जास्त पैशांसाठी चाकणला खोली करून राहणार नाही. म्हणून यांना पुढे दुसऱ्या प्लँटला हलवायचा बेत असेल तर आजच सांगा.

रजेचंही आजच सांगा. फौजेत वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि वर किरकोळ रजा, तीही सलग घ्यायची सवय. तुमच्याकडे वीस दिवस कामामागे एक दिवस. आकडा ऐकून माणूस गप्प होतो, मान हलवतो आणि गावची जत्रा आली की आठवडाभर मागतो. ऑफर लेटर देतानाच रजेचा तक्ता समोर ठेवून समजावलं तर हा वाद होत नाही.

आता तुमची ती धास्ती. मिलिटरी खाक्या. याचं एकच एक उत्तर देता येत नाही, माणसावर आहे आणि तुमच्या कारखान्यावरही. सिनेमात दिसतो तसा ओरडणारा सुभेदार मला फार कमी भेटला. चांगल्या जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांतल्या माणसाला) आपल्या प्लाटूनमधल्या कोणाच्या घरी काय चाललंय ते माहीत असतं, आणि तो पोरांकडून काम काढतो ते त्या जोरावर. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. तिथे त्याच्या शब्दामागे आर्मी अ‍ॅक्ट उभा होता. इथे कंत्राटी पोरगं दुपारी डबा खाऊन निघून जातं आणि उद्या शेजारच्या कंपनीत दिसतं. एका प्लँटमध्ये दुसऱ्या पाळीला नेमलेल्या सुभेदारांनी पाळी सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी सगळ्यांना रांगेत उभं करून कामं वाटायला सुरुवात केली. हेतू उत्तम. युनियनने तिसऱ्याच दिवशी विचारलं, या दहा मिनिटांचे पैसे कोण देणार? शेवटी तीच उभ्या उभ्या होणारी मीटिंग पाळीच्या वेळेत घेतली, पाच मिनिटांत आटोपली, आणि पुढे बाकीच्या पाळ्यांनीही तीच पद्धत उचलली. त्यांना आधी कोणी सांगायला हवं होतं की इथे कामगाराचा वेळ कुठून सुरू होतो, शिस्तीची कारवाई कोण करतं आणि कोणत्या कागदाने. पहिल्या आठवड्यात हे समजावायला तुम्ही स्वतः बसा, एचआरवर सोडू नका.

खरं सांगायचं तर मला कामगारांपेक्षा तुमच्या घरच्यांची जास्त काळजी वाटते. छोट्या कारखान्यात मालक एक सांगतो, मालकाचा मुलगा दुसरं, प्रॉडक्शन मॅनेजर तिसरं. आपल्या माणसांना सवय असते, ते ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी करतात. फौजेतून आलेला माणूस गोंधळतो, कारण त्याच्या आयुष्यात हुकूम एका ठिकाणाहून आलाय. मग तो लेखी मागतो, आणि तुम्हाला वाटतं हा अडवणूक करतोय. नेमणुकीच्या पत्रात एकाच माणसाचं नाव लिहा, ज्याला तो रिपोर्ट करील. मुलाने परस्पर काम सांगितलं तर 'आधी अमक्यांना विचारतो' म्हणायची त्याला मुभा आहे, हे मुलासमोरच सांगा. याच्या उलटही बघावं लागतं: वरच्याला 'हे चुकतंय' असं तोंडावर सांगायची त्याला सवय नसते. 'जी साहेब' म्हणून तो चुकीचं शेड्युलसुद्धा पार पाडायला जाईल. त्याला विचारत राहायचं, 'तुमचं मत काय?' दोन-चार वेळा मत खरंच ऐकलं गेलं की मग तो स्वतःहून बोलतो.

तेव्हा माझा कौल असा. नाईकांना स्टोअर द्या, फक्त संगणकाचं शिकवायला कोणीतरी नेमून द्या. नायब सुभेदारांना शॉपवर बोलावून बघा, मशीनं त्यांच्या हातातली असतील तर मेंटेनन्स त्यांचं. हवालदारांना सिक्युरिटीचं पत्र पाठवण्याआधी एकदा डिस्पॅचच्या गोंधळात संध्याकाळी पाच वाजता उभं करा आणि काय म्हणतात ते ऐका.

जाता जाता अग्निवीरांचं. २०२२ साली ही योजना आली, चार वर्षांची सेवा. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के फौजेत राहतील, बाकीची पोरं सेवानिधीचे (सेवा संपल्यावर एकरकमी मिळणारे) बारा लाखांच्या आतबाहेर पैसे घेऊन बाहेर येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे वर सांगितलेली निम्मी गणितं त्यांना लागू नाहीत. वय पंचविशीच्या आसपास, हातात कौशल्याचं प्रमाणपत्र, आणि हाताखाली माणसं सांभाळल्याचा अनुभव जवळजवळ शून्य. त्यांच्याकडे हवालदार म्हणून बघाल तर निराश व्हाल. पगार ठरवताना चार वर्षं शॉपवर काम केलेला आयटीआयचा मुलगा समोर ठेवा आणि कोणत्या ट्रेडमध्ये होता ते आधी विचारा.